चेंडू सोडणारी

"काय हो, तुमची ती तोफ हल्ली वाजत का नाही?"

गिऱ्हाईकाच्या तोंडाला कानापर्यंत साबणाचा फेस होता, मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले. मागच्या बाकावर कोण बसलंय हे त्यांना दिसायचं काही कारणच नव्हतं. बाकावर तोफच बसली होती. पायाशी प्रवासाची बॅग, मांडीवर जुनं मासिक, आणि आल्यापासून ती त्या मासिकाचं एकच पान बघत होती.

वस्तरा गालाच्या मध्यावर थांबला. बाबांनी आरशातून लेकीकडे पाहिलं.

"बोलू नका मास्तर," ते म्हणाले. "लागेल."

"अहो, काळजीपोटी बोलतो. पेपरात नाव नाही, फोटो नाही. केवढा गाजावाजा झाला होता तेव्हा! आम्हाला वाटलं, आता ही देशाकडून खेळणार. दारूगोळा भिजला की काय?"

स्वतःच्याच विनोदावर मास्तर फेसाआडून हसले. माणूस वाईट नव्हता. याच मास्तरांनी तिला शाळेत गणित शिकवलं होतं आणि सामन्यांमुळे बुडलेले तास घरी बोलावून भरून दिले होते. बाबांनी दाढी पुरी केली, ओल्या टॉवेलने तोंड पुसलं, खुर्ची सरळ केली. मास्तरांनी डोळे उघडले आणि आरशात त्यांना स्वतःच्या खांद्यामागे तोफ दिसली.

नुकत्याच गुळगुळीत झालेल्या चेहऱ्यावर काही लपवायची सोय नव्हती.

"अरे! केव्हा आलीस?"

"मघाशीच, सर."

"छान, छान. नाही, मी आपलं सहज..." असं पुटपुटत ते लगबगीने बाहेर पडले, ते चष्मा टेबलावर विसरून. परत येण्याची त्यांची छाती होईना. कोपऱ्यावरच चाचपडत उभे राहिले. शेवटी तिनेच चष्मा नेऊन दिला. मास्तरांनी तो डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "जेवतेस ना वेळेवर?"

तोफ हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. ते ठेवलं एका क्रीडा पत्रकाराने, ती शाळेकडून खेळायची तेव्हा. मुलींच्या एका मोठ्या स्पर्धेत तिने गोलांचा नुसता सपाटा लावला होता, आणि जवळजवळ सगळे पेनल्टी कॉर्नरवर. हॉकीत पेनल्टी कॉर्नर हा तिघींचा खेळ असतो. एकीने गोलाच्या बाजूला, मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू सोडायचा, म्हणजे आत ढकलायचा. दुसरीने तो समोर, गोलापुढच्या अर्धवर्तुळाच्या टोकाशी, स्टिक आडवी टाकून थांबवायचा. आणि तिसरीने तो स्टिकवर ओढत नेऊन गोलात भिरकावायचा, यालाच फ्लिक म्हणतात. ही तिसरी. सोळाव्या वर्षीच तिची उंची आणि खांदे पुरत्या वाढलेल्या बाईसारखे होते. तिने मारलेला चेंडू दिसायचाच नाही, नुसता गोलामागच्या फळीवर आदळल्याचा आवाज यायचा. पत्रकाराने लिहिलं, 'आपल्याला तोफ मिळाली.' तेव्हापासून तिचं खरं नाव मागे पडलं ते पडलंच. बाबांनी कात्रणाला फ्रेम करून घेतली आणि ती दुकानात आरशाशेजारी लावली.

पुढे बँकेने नोकरी दिली आणि आपल्या संघात घेतलं. राष्ट्रीय शिबिराला दोनदा बोलावणं आलं, दोन्ही वेळा ती परत आली. पहिल्या खेपेला लोक म्हणाले, अजून लहान आहे. दुसऱ्या खेपेला म्हणाले, काहीतरी दुखत असेल. दुखत काहीच नव्हतं हीच पंचाईत होती. दुखत असतं तर पट्टी तरी बांधता आली असती. कॉर्नर मिळाला की प्रेक्षकांतून कोणीतरी हमखास ओरडायचं, "तोफ, उडव!" आणि चेंडू स्टिकवर यायच्या आतच तिची नजर त्या आवाजाकडे वळायची. मग तो गोलकीपरच्या पॅडवर बसायचा, नाहीतर खांबाबाहेरून जायचा.

आणि आता मॅडमनी सांगितलं होतं.

मॅडम म्हणजे बँकेच्या संघाच्या प्रशिक्षक. एके काळच्या नावाजलेल्या बचावपटू, आता गुडघे गेलेले. मैदानावर त्या घडीची खुर्ची घेऊन यायच्या आणि तिच्यावर कधीच बसायच्या नाहीत. सराव संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं.

"उद्यापासून फ्लिक धाकटी मारेल. तू चेंडू सोडायचास."

धाकटी म्हणजे संघातली सगळ्यात लहान मुलगी, नुकतीच आलेली.

"माझं काय चुकलं, मॅडम?"

"काही चुकलं नाही गं. तू वाईट झालेली नाहीस. तू लवकर मोठी झालीस. तेव्हा तुझ्यासमोर लहान पोरी होत्या. आता त्याही मोठ्या झाल्या. एवढीच गोष्ट आहे, पण कोणी तुला धड सांगितली नाही."

तिने बॅग भरली, बँकेत रजेचा अर्ज टाकला आणि कोणालाच काही न सांगता गाव गाठलं. मनाशी पक्कं झालं होतं. नोकरी होतीच. काउंटरमागे बसायचं, संध्याकाळी घरी यायचं. लाखो माणसं तेच करतात.

दुपारी बाबांनी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि जमिनीवरचे केस झाडायला घेतले. तिने त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला.

"बाबा, ते कात्रण काढा आता."

"का? चांगलं आहे की."

"लोक वाचतात आणि विचारतात."

"विचारतात खरं. पण मला त्याचा फार उपयोग आहे बघ. बरोबर उंचीवर लागलंय ते. गिऱ्हाईक वाचायला बघतं आणि मान अशी सरळ ठेवतं की विचारू नकोस. मागचे केस कधी वाकडे कापले जात नाहीत."

तिला हसू आलं. हसता हसता ते केव्हा फिरलं तिचं तिलाच कळलं नाही, आणि ती झाडू हातात धरून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून हमसून रडली. मग सगळं सांगून टाकलं. शिबिराचं, धाकटीचं, प्रेक्षकांतल्या त्या आरोळीचं, खेळ सोडायचं ठरवल्याचं. बाबा शेजारी कात्री पुसत उभे होते. पुसून झालेलीच कात्री ते पुन्हा पुसत होते.

"मला तुझ्या खेळातलं काही कळत नाही," ते शेवटी म्हणाले. "कोणी कुठे उभं राहायचं, शिट्टी कशाला वाजते, काही म्हणजे काही नाही. लोकांनी विचारलं की मी आपलं सांगतो, जोरात चाललंय. मला एकच कळतं. लहान होतीस तेव्हा खेळून यायचीस ती जिन्यातूनच ओरडत यायचीस, भूक लागली, भूक लागली. तुझी आई म्हणायची, अगं आधी हात धू. एका हाताने जेवायचीस आणि दुसऱ्या हाताने अख्खा सामना सांगायचीस. एकदा तर आमटीची वाटी गोलकीपर झाली होती, आठवतं? नाव झालं आणि ते बंद पडलं. तेव्हापासून तू घरी पाहुण्यासारखी जेवतेस."

तिने झाडू खाली ठेवला. हे कोणाच्या लक्षात आलं असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. इतक्या वर्षांत या माणसाने तिला एकदाही 'गोल किती झाले' असं विचारलं नव्हतं. त्यांना उत्साह नाही, असं ती धरून चालली होती.

"सोडायचं तर खुशाल सोड," बाबा म्हणाले. "घर कुठे जात नाही. पण त्या बाईंना जाऊन सांग. त्यांनी तुला तोंडावर सांगितलं ना? मग तूही तोंडावर सांग. असं पळून आलेलं बरं दिसत नाही."

मग त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं आणि फ्रेम उतरवली. मागे भिंतीचा मूळचा रंग निघाला, स्वच्छ निळा. बाकीची भिंत केव्हाच मळकट झाली होती.

"असा होता होय रंग!" बाबा नवलाने म्हणाले. "छानच होता की."

ती परत गेली तेव्हा सकाळचं मैदान नुकतंच भिजवलेलं होतं. कृत्रिम हिरवळीवर पाणी मारतात, म्हणजे चेंडू सरळ आणि वेगात जातो. मॅडम घडीच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या होत्या. समोर धाकटी आणि चेंडू थांबवणारी मुलगी, दोघी रिकाम्या.

"मॅडम, मी खेळ सोडतेय. तेच सांगायला आले."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं. "बरं केलंस, आलीस ते. खेळ सोडण्याआधी जरा चेंडू सोड. रोजची मुलगी तापाने पडलीय. या दोघी सकाळपासून खोळंबल्यात."

नाही म्हणायलाही काही कारण लागतं. ती रेषेवर गेली. चेंडू सोडणारीचा एक पाय मैदानाबाहेर असावा लागतो, असा नियम आहे. तिने एक पाय बाहेर ठेवला, कमरेत वाकली आणि चेंडू ढकलला. तो टप्पे खात गेला.

"उडाला, ताई," थांबवणारी म्हणाली.

दुसरा हळू गेला. तिसरा लांब. तिला स्वतःचाच राग आला. हे जमत नाही म्हणजे काय? आजवर तिच्याकडे असे असंख्य चेंडू आले होते, गुळगुळीत, बिनआवाजाचे, जिथे हवा तिथे. तो चेंडू थांबला की तिचं काम सुरू व्हायचं. तो कुठून येतो हे तिने कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. कोण सोडायचं ते? त्या गाजलेल्या स्पर्धेत कोण होतं रेषेवर?

मग आठवलं. काडी. शाळेच्या संघातली हडकुळी मुलगी, सगळे तिला काडीच म्हणायचे. कात्रणात तिचं नाव नव्हतं. कात्रणात दुसऱ्या कोणाचंच नव्हतं.

त्या दुपारी तिने चार ठिकाणी विचारून काडीचा नंबर मिळवला. काडी आता एका मोठ्या इस्पितळात परिचारिका होती. मागे कसल्या तरी यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

"तोफ? खरंच तू बोलतेयस?" काडी किंचाळलीच. "अगं, मी वॉर्डात सगळ्यांना सांगत असते, ही माझ्या संघात होती म्हणून. कोणाचा विश्वास बसत नाही!"

"मी तुझ्या संघात होते," तोफ म्हणाली. "काडी, तू तेव्हा चेंडू कसा सोडायचीस? तो उडायचा नाही."

"हे विचारायला फोन केलास?"

"हो. आणि... मी तुला तेव्हा कधी काही म्हटलंच नाही गं. आभार वगैरे."

काडी मोठ्याने हसली. "वेडी आहेस का? मला काय मजा यायची माहितीय! सगळे म्हणायचे तोफ, तोफ. मी मनात म्हणायचे, बत्ती कोण देतंय?" आणि मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "ऐक. पुढचा पाय लांब टाक आणि जमिनीलगत जा. ढकलायचं नाही, ओढत नेऊन सोडायचं. आणि सुटल्यावर मान वर करायची घाई करू नकोस. सगळ्याजणी कुठे जातोय ते बघायला मान उचलतात, म्हणून तो उडतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मान खाली ठेवली. चेंडू हिरवळीला चिकटून निघाला, मागे पाण्याची बारीक रेघ सोडत, आणि थांबवणारीच्या स्टिकवर टप्पकन येऊन बसला. थांबवणारी काहीच बोलली नाही. तिला काही बोलायचं कारणच उरलं नव्हतं.

खेळ सोडण्याचा विषय मॅडमनी पुन्हा काढला नाही. तिनेही काढला नाही.

दिवस गेले. रेषेवर तिला कोणी बघत नव्हतं, आणि न बघितलं जाण्यात किती मोकळी हवा असते हे तिला नव्याने कळत होतं. सरावानंतर तिला सडकून भूक लागायची. बँकेच्या उपाहारगृहातला वाढपी न विचारता दुसऱ्यांदा वाढू लागला.

धाकटीचे मात्र हाल सुरू झाले. तिने लागोपाठच्या सामन्यांत गोल केले आणि पेपरवाल्यांनी तिलाही नाव देऊन टाकलं. एकदा सामन्याआधी ती बूट घालायच्या खोलीत एकच नाडी पुन्हा पुन्हा सोडत-बांधत बसलेली तोफेला दिसली.

"ताई, तुम्हाला भीती वाटायची?"

"खूप."

"कोणाला सांगायचात?"

"नाही. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मूर्खपणा केला." ती धाकटीच्या शेजारी बसली. "तू मला सांगत जा. आणि एक कर. उभी राहिलीस की प्रेक्षकांकडे बघू नकोस, गोलाकडेही बघू नकोस. माझ्याकडे बघ. मी मान हलवली की समज, चेंडू येतोय. मी चांगला पाठवीन. तेवढं माझ्यावर सोड."

त्या मोसमातल्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. शिबिराचं बोलावणं आलं होतं.

"धाकटीला," मॅडम म्हणाल्या.

"अजून कोण?" धाकटीने विचारलं आणि जीभ चावली.

"अजून कोणी नाही."

तोफेच्या छातीत जुन्या जागी कळ उठली. नाही असं कसं म्हणायचं? उठली. देशाचा रंग अंगावर घालायचं स्वप्न तिने नुसतं लोकांसाठी पाहिलं नव्हतं, ते तिचंही होतं. आणि ते आता या खोलीत, या खुर्च्यांसमोर, संपलं होतं. पण कळ उठली तशी ओसरलीही. धाकटी रडत तिच्या गळ्यात पडली, तेव्हा तिला थोपटणारे तिचे हात खरेच होते. धाकटी गेल्यावर मॅडम पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या.

"राग येत असेल माझा."

"नाही मॅडम. तुम्ही सांगितलंत म्हणून बरं झालं. नाहीतर मी अजून तिथेच उभी असते."

सामन्याला बाबा आले. दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना समोरच्या रांगेत जागा मिळाली होती आणि शेजारच्या माणसाला ते सारखं काहीतरी विचारत होते, हे तिला मैदानावरून दिसत होतं. बिचारा माणूस हात हलवून हलवून समजावत होता.

शेवट जवळ आला तरी बरोबरी होती, आणि कॉर्नर मिळाला. सगळं मैदान उठून उभं राहिलं. धाकटीच्या नवीन नावाचा घोष सुरू झाला. निवड समितीची माणसं पुढे झुकली, कॅमेरे वळले, सगळे एकाच दिशेला. तोफ रेषेवर गेली. एक पाय बाहेर ठेवला. समोर लांबवर धाकटी उभी होती, एवढ्याशा चेहऱ्याची. ती प्रेक्षकांकडे बघत नव्हती. गोलाकडेही बघत नव्हती. तोफेने मान हलवली.

पुढचा पाय लांब टाकला, जमिनीलगत गेली, आणि चेंडू सोडला.

त्याच क्षणी टाळ्या वाजल्या. एकाच माणसाच्या, जोरजोरात. अजून काहीच झालं नव्हतं. चेंडू वाटेत होता. शेजारच्या माणसाने बाबांचा हात धरला आणि म्हणाला असणार, अहो थांबा, गोल व्हायचाय अजून. पण बाबांचा खेळ झाला होता. त्यांची लेक वाकली होती, तिने चेंडू सोडला होता, तो सुरेख गेला होता. त्यांनी हात सोडवून घेतला आणि टाळ्या चालूच ठेवल्या.

मग चेंडू थांबला, ओढला गेला, आणि फळीवर तो आवाज झाला.

संघातल्या सगळ्याजणी समोर धाकटीकडे धावल्या. तिथे एकच ढीग झाला. रेषेजवळ राहिल्या दोघीच, चेंडू सोडणारी आणि आडवी पडलेली विरुद्ध संघाची गोलकीपर. पॅड आणि हेल्मेटच्या ओझ्याने तिला पटकन उठता येईना. तोफेने हात पुढे केला आणि तिला ओढून उभं केलं.

"तूच सोडलास ना?" गोलकीपर हेल्मेट वर सरकवत धापा टाकत म्हणाली. "चेंडू पोचला तरी आमच्या अडवणाऱ्या पोरी रेषेवरून दोन पावलंसुद्धा पुढे आल्या नव्हत्या गं."

"लागलं नाही ना?"

"छे."

ध्वनिक्षेपकावरून धाकटीचं नाव पुकारलं गेलं, एकदा, मग पुन्हा एकदा. तोफ मैदानात आली. समोरच्या ढिगापर्यंत चालत जायला बरंच अंतर होतं. अर्ध्या वाटेत ती थांबली, हात मोकळे व्हावेत म्हणून तिने स्टिक काखेत धरली, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली.